पट्टीखालचा शिक्का

चहाचं पाणी उकळून उकळून निम्मं झालं तरी तिचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, एका पायात बूट घालून, ती दुसऱ्या बुटाकडे नुसती बघत होती. कारखान्याचे ते जाड बूट, टाचेपाशी झिजलेले. वाकायचं आणि नाडी बांधायची एवढंच काम, पण त्यासाठीसुद्धा अंगात त्राण गोळा करावं लागत होतं. बाहेरच्या खोलीत नवरा छापखान्याच्या रात्रपाळीवरून नुकताच येऊन सोफ्यावर आडवा झाला होता, बोटांवरची शाई न धुताच. या घरात नवरा-बायकोची भेट व्हायची ती दारात. एकाचा डबा रिकामा, दुसरीचा भरलेला.

तेवढ्यात दार वाजलं.

पहिली थाप भरीव आली, दुसरी जरा खाली पडली ती पोकळ. खालच्या फळीचं चिकटवण सुटलंय, हे तिच्या मनात आधी आलं. दारात कोण असेल, हे नंतर.

"उघड की आता, ऐकत काय बसलीस?" नवरा डोळे मिटूनच म्हणाला. लग्न झाल्यापासून त्यानं तिला टेबलं, भिंती, बाजारातली कलिंगडं आणि एकदा तर शेजाऱ्यांचं नवंकोरं कपाट बोटानं वाजवून बघताना पाहिलं होतं. कपाटानंतर शेजारीण बरेच दिवस फुगून होती.

दारात ताई उभी होती, तिची थोरली बहीण. हातात पिशवी नव्हती, म्हणजे बाजाराला जाता जाता डोकावलेली नव्हती.

"अगं, इतक्या सकाळी? बरं आहे ना सगळं?"

"बरं असतं तर आले असते का?" ताई थेट आत गेली, आटलेल्या चहात पाणी वाढवलं, आच बारीक केली आणि मगच बसली. थोरल्या बहिणी रडायला आल्या तरी आधी तुमचं पातेलं सावरतात. "आणि हे बघ, मी आले होते हे यांना कळता कामा नये."

'हे' म्हणजे भाऊजी, ताईचा नवरा. दोघी बहिणींच्या घरातली चूल त्या एकाच कारखान्यावर पेटत होती. कारखाना जाड पोलादाच्या टाक्या बनवायचा, ज्यांच्यात पुढे कोंडलेली वाफ किंवा गॅस भरायचा असतो. भाऊजी तिथे वेल्डर होते. पोलादाच्या पत्र्याला पत्रा जोडायचे. आणि ही ते जोड तपासायची. जोड न कापता, न तोडता, बाहेरूनच त्याच्या पोटात काय आहे ते सांगायचं, हे तिचं काम.

"काल पुन्हा त्यांचा जोड नापास केलास तू," ताई म्हणाली.

"माझ्या हातून बरेच जोड नापास होतात, ताई. त्यातला त्यांचा कुठला, ते मला माहीत नसतं."

"आज त्यांची परीक्षा आहे. नवी प्लेट जोडायला लावणार आहेत. ती नापास झाली की शिक्का काढून घेणार. साहेबानं तोंडावर सांगितलंय." ताईचा आवाज खाली गेला. "जन्मभर टाक्या जोडल्या त्या माणसानं, आणि आता शेवटची दोन-चार वर्षं गेटावर बसून आल्या-गेल्या गाड्यांना हात करायचा? घुसमटून जातील गं ते."

शिक्का म्हणजे वेल्डरचा नंबर. जोड पूर्ण झाला की जिथून सुरुवात केली त्या टोकाशी हातोडीनं तो नंबर पोलादावर ठोकायचा. हा जोड माझा, ही त्याची ग्वाही. शिक्का गेला की टाकीला हात लावायचा हक्क गेला.

"मी काय करू, सांग."

"एकदा, फक्त एकदा, जरा मायेनं बघ."

"पण मी शिक्क्यावर पट्टी लावून तपासते, तुला ठाऊक आहे. कुठली प्लेट कुणाची, मला कळतच नाही."

"मग कळून घे!" ताई एकदम कडाडली आणि सोफ्यावर झोपलेल्या मेहुण्याकडे बघून आवाज आवरला. "त्यांनीच तुला त्या गेटातून आत नेलं होतं. तेव्हा नाही लावलीस ती डोळ्यांना पट्टी?"

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता.

चहा गाळताना ताई आपलीच बोलत राहिली. माणूस किती चिडका झालाय, जेवताना बोलत नाही, परवा चहा ओतला तो निम्मा कपाबाहेर, वर म्हणे हात दमलेत. ही ऐकत होती आणि नव्हतीही. दमलेले हात तिच्या ओळखीचे होते.

*

भाऊजींनी तिला आत नेलं तेव्हा ती डिप्लोमा करून घरी बसलेली कोवळी पोर होती. पहिलं काम मिळालं ते चिकटवलेल्या रबरी पट्ट्यांचं. टाकीच्या आतून रबराचं अस्तर चिकटवायचे, आणि ते नीट धरलंय का हे बघायला एका छोट्या हातोडीनं बोट-बोट अंतरावर ठोकत जायचं. धरलं असेल तर आवाज टणक, सुटलं असेल तर भद्द. टाकीच्या पोटात कंदील घेऊन बसायची आणि संध्याकाळी घरी आली की कानात तेच टकटक. भाऊजी टाकीच्या तोंडातून डोकं घालून विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, पेशंट जगणार का?" आणि आपल्या डब्यातला अर्धा घास आत सरकवायचे.

मग ती शिकत गेली. आवाजाच्या लहरींनी जोड तपासायला शिकली, परीक्षा दिल्या, या कामाला लागते ती डोळ्यांची तपासणी करून घेतली. आणि जसजशी ती वर गेली तसतसा चहाच्या टपरीवरचा बाक तिच्यासाठी अरुंद होत गेला. ती आली की गप्पा थांबत. ज्याचा जोड कालच उकरायला लावलाय त्यानं आज तिच्यासाठी सरकून बसायचं तरी कसं? कुणीतरी तिचं नाव 'नापासबाई' ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की नव्या आलेल्या पोरांना तेच तिचं खरं नाव वाटायचं. एकानं तर सुट्टीच्या अर्जावर आदरानं 'माननीय नापासबाई' लिहिलं होतं.

पट्टी तिनं तेव्हापासून लावायला घेतली. मेहुण्याचा जोड मेहुणीच तपासते, अशी कुजबुज झाली होती. तिनं वाद घातला नाही. तपासायच्या आधी मदतनिसाकडून सगळ्या शिक्क्यांवर कागदी चिकटपट्टी लावून घ्यायची, तपासायचं, दोष असेल तिथे पोलादावरच पिवळ्या खडूनं खूण करायची आणि निघून जायचं. पट्टी काढणं, कुणाचा जोड ते बघणं, त्याला बोलावणं, हे सगळं साहेबांच्या ऑफिसातून व्हायचं. तिनं मागे वळून कधी पाहिलं नाही. कुजबुज थांबली. या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता; इतक्या दमणुकीत तेवढाच एक टेकू.

गेल्या वर्षी नवं यंत्र आलं आणि दुखणं वाढलं. त्याआधी जाड जोडांची एक्स-रे फिल्म काढायचे. फिल्म आरपार बघते. पोकळी, बुडबुडा, अडकलेला कचरा लगेच दाखवते. पण वितळलेलं पोलाद पत्र्याच्या कडेला नुसतं टेकलंय, मिसळलेलं नाही, अशी फट कागदाच्या कडेसारखी उभी असते. फिल्मला ती दिसेलच असं नाही. नवं यंत्र जोडाला जेल लावून बाजूनं, एकाच वेळी अनेक कोनांतून आवाज सोडायचं. पोटातलं बाळ बघतात त्याचंच हे दणकट भावंड. फटीवरून आवाज परतला की निळ्या पडद्यावर लाल रेघ उमटायची.

वेल्डरांना हे कसं पटावं? "एक्स-रे पास करतो, आणि नापासबाईचा रंगीत टीव्ही नापास करतो," असं टपरीवर ऐकू यायचं. सगळ्यात मोठ्यानं भाऊजीच बोलायचे. डब्यातला घास कधीचाच थांबला होता. आता ती दिसली की ते हेल्मेट डोळ्यांवर ओढून घ्यायचे.

*

परीक्षेला तिघे होते. तिघांच्या तीन प्लेटा. सकाळभर शेडच्या पडद्यामागे निळा उजेड लखलखत राहिला. ती त्या बाजूला फिरकलीच नाही. प्लेटा थंड झाल्या, फिल्म निघाल्या. तिन्ही स्वच्छ आल्या. शेडमध्ये कुणीतरी शिट्टी वाजवली.

मग प्लेटा तिच्या टेबलावर आल्या, शिक्क्यांवर पट्ट्या लावून. तिनं जेल पसरलं. हात रोजच्यासारखे चालत होते, पण कानात ताईचं 'मग कळून घे' घुमत होतं. पट्टीचं एक टोक नीट चिकटलेलं नव्हतं. नखानं जरा उचललं असतं तर झालं असतं. तिनं अंगठ्यानं ते टोक दाबून बसवलं आणि स्वतःच्याच अंगठ्याचा तिला राग आला.

पहिली प्लेट स्वच्छ. दुसरीही. तिसरीवर यंत्राचा हातात धरायचा प्रोब निम्म्यात आला आणि पडद्यावर लाल रेघ उमटली. डाव्या कडेला, खाली, लांबलचक. तिनं जेल पुसलं, पुन्हा लावलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. रेघ हलली नाही.

तिनं खडू उचलला, खूण केली, आणि खडू हातातच राहिला. डावी कड. कालच्या जोडातही डावीच होती. त्याआधीच्या? इतके जोड हाताखालून गेले, एकेकाकडे सुटं सुटं बघितलं. सगळ्यांकडे मिळून कधी बघितलंच नव्हतं.

ती उठून शेडच्या मागच्या अंगाला गेली. तिथे नापास जोड दुरुस्तीची वाट बघत रांगेनं उभे होते, तिच्या पिवळ्या खुणा अंगावर घेऊन. काही खुणा मध्ये होत्या, काही उजवीकडे; त्या सगळ्यांच्याच हातून होतात. पण शिक्क्याचं टोक जवळ धरून बघितलं की बऱ्याच खुणा डाव्या कडेला होत्या, एकाखाली एक. ऑफिसवाल्यांनी नंबर बघून पट्ट्या परत तशाच दाबून ठेवल्या होत्या, बाईंची शिस्त म्हणून. तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पट्टी सोलली. मग दुसरी. मग तिसरी.

डाव्या कडेच्या प्रत्येक खुणेशेजारी भाऊजींचा नंबर होता.

ताईनं सकाळी सांगितलेला भाऊजींचा चहा आठवला. निम्मा कपाबाहेर.

तरी एक शंका उरली होती. टपरीवर म्हणतात तसं, हे दोष आधीपासूनच असतील आणि नव्या यंत्रामुळे आता दिसायला लागले असतील तर? आवाराच्या टोकाला एक जुनी टाकी देखभालीसाठी परत आली होती, ती अस्तर ठोकत होती त्या काळातली. तिच्यावरही भाऊजींचाच शिक्का होता, गंजानं तांबूस झालेला. तिनं यंत्र ढकलत तिथवर नेलं, रंग खरवडला, जेल लावलं आणि गुडघ्यांवर बसून जोडाची अख्खी लांबी बघितली. पडदा निळाच्या निळा राहिला. असा जोड की कडा कुठे होत्या हेही कळू नये.

ती तिथेच टाकीला टेकून बसली. हात चांगला होता. यंत्रही खोटं बोलत नव्हतं. हे दुखणं अलीकडचं होतं. रांगेत महिनोन्‌महिने उभं राहून ते तिला सांगत होतं, आणि तिनं त्याच्या तोंडावर पट्टी लावून ठेवली होती.

*

भाऊजी शेडबाहेरच्या पायरीवर बसले होते. ती जवळ गेली तशी हेल्मेट खाली आलं.

"बोला. नापास ना?"

"भाऊजी, डावा डोळा झाका."

"काय?"

"झाका ना. समोरच्या भिंतीवरचा पाइप दिसतो?"

"दिसतो. पोरखेळ लावलायस का?"

"आता उजवा झाका."

भाऊजींचा हात वर गेला आणि अर्ध्यात थांबला. शेडमधला ग्राइंडर किंचाळून थांबला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"धुकं आल्यासारखं वाटतं. आधी वाटलं, मास्कची काच खराब झाली. दोनदा बदलली." ते हसले, पण हसू काही जमलं नाही. "मग मान कलती करून उजव्यानं बघायला लागलो. तसं जमतं."

"तशी मान कलली की डावी कड वेल्डिंगच्या टॉर्चच्या आड जाते. तुम्हाला वाटतं धातू कडेला लागला. तो नुसता टेकतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्याच जोडांनी. आणि तुमची जुनी टाकी बघून आले आत्ता. रेघसुद्धा नाही तिच्यात."

भाऊजींनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते. "ती टाकी?" ते म्हणाले. "तिच्यात तू बसायचीस कंदील घेऊन." मग एकदम आवाज चढला. "डोळ्याचं कळलं तर लगेच काढतील म्हणून गप्प होतो! तुला काय, तू खूण करतेस आणि निघून जातेस. एकदा तरी येऊन विचारलंस, भाऊजी, काय होतंय?"

ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. दोघांचेही बूट सारखेच झिजलेले होते.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. पण आजची प्लेट नापासच आहे, भाऊजी. ती मी पास करणार नाही."

"करू नकोस." ते थकून म्हणाले. "असा जोड असलेल्या टाकीशेजारी मी तरी उभा राहिलो असतो का?" थोड्या वेळानं म्हणाले, "घरी तू सांग. माझ्यानं नाही व्हायचं."

तिनं तिथूनच फोन लावला. पलीकडे ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"डोळाच ना? दुसरं काही नाही ना?"

"बहुतेक मोतीबिंदू असावा. डॉक्टरला दाखवायला हवं."

"आणि हा माणूस मला सांगतो हात दमलेत! दे त्यांना फोन. नको, राहू दे. घरी येऊ देत, मग बघते." ताई रडत होती की रागावली होती, तिचं तिलाही कळत नसावं. ठेवता ठेवता म्हणाली, "पास नाहीच केलंस ना?"

"नाही."

"बरं," ताई म्हणाली. त्या 'बरं'मध्ये माया किती आणि राग किती, हे कुठल्या यंत्रानं मोजणार?

*

साहेबांनी तिसऱ्या प्लेटेचा पडदा बघितला, मागची रांग बघितली, जुनी टाकीही बघितली. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही खांद्यावर टाक्यांचंच ओझं होतं. भाऊजींना बोलावून त्यांनी सांगितलं की शिक्का आज जमा करावा लागेल. डोळ्यांचा इलाज करून या, नवी प्लेट जोडा, पास झालात तर शिक्का परत. नाही झालात तर मात्र गेट.

भाऊजींनी खिशातून शिक्क्याचा तो छोटा पोलादी ठसा काढला, शर्टाला पुसला आणि टेबलावर ठेवला. जाताना दारात तिच्यापाशी थबकले. नुसती मान हलवली, डावीकडे जरा जास्तच वळवून, चांगल्या डोळ्यानं तिला नीट बघता यावं म्हणून.

ते गेल्यावर साहेब म्हणाले, "बाई, उद्यापासून पट्ट्या तशाच राहू द्या, पण महिन्यातून एकदा सगळ्या खुणा मांडून बघत जाऊ. तुम्ही आणि मी."

"हो," ती म्हणाली. आपल्याला हे आधी सुचायला हवं होतं, हे तिला दिवसभर टोचत होतं आणि पुढेही टोचणार होतं.

"दमलेल्या दिसता. घरी जा आज. आणि काही लागलं तर सांगा, संकोच करू नका."

ती उठली. दारापर्यंत गेली. हातावरचं जेल सुकून पापुद्रे धरत होतं, ते चोळत परत वळली.

"एक सांगायचंय, साहेब."

"बोला ना."

"ते डोळ्यांचा इलाज करून परत आले की नवी प्लेट जोडतील. ती प्लेट मला तपासायला देऊ नका."

"पण तुम्ही पट्टी लावूनच तपासता की. तुमच्यावर कुणी संशय घेत नाही."

"संशयाचं नाही, साहेब. बाहेरून दुसरं कुणी बोलवा. त्या दिवशी मला बाहेर पायरीवर बसू द्या, माझ्या बहिणीजवळ."